मोठ्या टीव्हीवर संगणक जोडताय? ड्रायव्हरला सगळ्यात शेवटी हात लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेचा डिजिटल वर्ग, ग्रामपंचायतीचे सभागृह, सोसायटीचा हॉल, दवाखान्यातली टोकनची पाटी. जिथे पूर्वी प्रोजेक्टर असायचा तिथे आता ४३ ते ६५ इंची टीव्ही लागला आहे आणि एचडीएमआय केबलने त्याला संगणक जोडलेला असतो. चित्र कडेने कापले जाते, अक्षरे फिसकटतात, रंग धुतल्यासारखे दिसतात, माऊस अडखळत चालतो, मधेच पडदा काळा होतो. ही तक्रार घेऊन दुकानात गेले की बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर मिळते: ‘ड्रायव्हर उडालाय, फॉरमॅट मारावा लागेल’ किंवा ‘पॅनल गेलंय’. पहिल्या उत्तरात विनाकारण संगणक पुसला जातो, दुसऱ्यात चांगला टीव्ही अडगळीत जातो. संगणक दुरुस्तीच्या कामात असलेल्या आम्हा लोकांना हे पाहवत नाही, म्हणून हे पत्र. ते लांबले आहे, पण तपशील कापला तर त्याचा उपयोग राहणार नाही.

आमचे म्हणणे एकच आहे. यातले बहुतेक दोष ड्रायव्हरचे, म्हणजे विंडोजकडून ग्राफिक्स कार्ड (चित्र तयार करणारा संगणकाचा भाग) चालवून घेणाऱ्या सॉफ्टवेअरचे, नसतात. ते टीव्हीच्या स्वतःच्या सेटिंगचे, केबलचे किंवा संगणकाने चुकीचा सिग्नल निवडल्याचे असतात. म्हणून तपास टीव्हीकडून संगणकाकडे करत जावा आणि ड्रायव्हर काढून पुन्हा टाकणे ही शेवटची पायरी ठेवावी. आज नेमके उलटे चालते.

दोष कोणाकडे आहे हे ठरवायला पाच मिनिटे पुरतात. टीव्हीच्या रिमोटवरचे मेन्यूचे बटण दाबा. जो मेन्यू दिसतो तो टीव्ही स्वतः काढतो, त्याचा संगणकाशी काही संबंध नसतो. पडद्यावरच्या रेघा किंवा डाग त्या मेन्यूवरूनही जात असतील तर दोष टीव्हीत आहे. मेन्यू स्वच्छ आणि मागचे चित्रच बिघडलेले असेल तर पॅनल, म्हणजे टीव्हीचा प्रत्यक्ष पडदा, ठीक आहे, मग कोणी काहीही सांगो. दुसरी चाचणी स्क्रीनशॉटची. बिघाड दिसत असतानाच विंडोज आणि प्रिंट-स्क्रीन ही बटणे एकत्र दाबा आणि तयार झालेले चित्र मोबाइलवर घेऊन पाहा. त्या चित्रातही ठिपके, चौकोन, तुटलेले आकार दिसत असतील तर बिघाड संगणकाच्या आत, ग्राफिक्स कार्डात किंवा ड्रायव्हरमध्ये आहे. स्क्रीनशॉट स्वच्छ आला तर बिघाड कार्डातून बाहेर पडल्यानंतरचा, म्हणजे पोर्ट, केबल किंवा टीव्हीकडचा. तिसरी खूण संगणक सुरू होतानाची. कंपनीचा लोगो किंवा बायोसचा पडदा दिसतो तेव्हा विंडोजचा ड्रायव्हर चढलेलाच नसतो. तिथेही रंगीत रेघा असतील तर ड्रायव्हर कितीही वेळा टाका, फरक पडणार नाही. आधी केबल आणि पोर्ट बदलून पाहा, तरीही रेघा राहिल्या तर कार्ड तपासायला द्या.

आता सगळ्यात जास्त येणारी तक्रार: चित्र कडेने कापले जाते. खालचा टास्कबार अर्धा दिसतो, एक्सेलची पहिली ओळ आणि पहिला स्तंभ पडद्याबाहेर जातो. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्राची कड वेडीवाकडी असायची, ती झाकण्यासाठी चित्र मुद्दाम थोडे मोठे करून दाखवण्याची पद्धत होती. सपाट पडद्यांना त्याची गरज उरलेली नाही, पण पुष्कळ टीव्ही एचडीएमआयवर व्हिडिओचा सिग्नल आला की अजूनही चित्र चारही बाजूंनी काही टक्के ताणतात. याचा इलाज टीव्हीतच करायचा. सॅमसंगमध्ये पिक्चर साइझ सेटिंगखाली ‘फिट टू स्क्रीन’, जुन्या मॉडेलमध्ये ‘स्क्रीन फिट’. एलजीमध्ये आस्पेक्ट रेशोखाली ‘जस्ट स्कॅन’. सोनीमध्ये ‘डिस्प्ले एरिया’ हा पर्याय ‘फुल पिक्सल’वर ठेवायचा. इतर कंपन्यांमध्ये हाच पर्याय ‘डॉट बाय डॉट’, ‘१:१’ किंवा ‘ओव्हरस्कॅन ऑफ’ अशा नावाने चित्राच्या आकाराच्या मेन्यूत सापडतो.

इथे एक चूक सर्रास होते. टीव्हीची सेटिंग सापडली नाही की ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमधून चित्र लहान केले जाते: एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमधले ‘रिसाइझ डेस्कटॉप’, एएमडीमधली ‘एचडीएमआय स्केलिंग’ची पट्टी, इंटेलमधले कस्टम स्केल. चित्र मावते, पण आता संगणक ते आकसतो आणि टीव्ही पुन्हा ताणतो. दोनदा मोजमाप बदलल्यामुळे एकही ठिपका आपल्या जागी बसत नाही आणि सगळी अक्षरे मऊ होतात. रफार आणि अनुस्वार सर्वांत आधी पुसट होतात. टीव्हीत ही सोय अजिबातच नसेल तरच या मार्गाने जावे. उलट, एएमडीचे कार्ड असेल आणि चारी बाजूंनी काळी पट्टी दिसत असेल तर त्याच ‘एचडीएमआय स्केलिंग’ची पट्टी शून्यावर आणा. जुन्या एएमडी ड्रायव्हरमध्ये एचडीएमआयवर चित्र आधीच आकसून पाठवायची सवय होती, त्यामुळे ही काळी चौकट पाहून पुष्कळांनी टीव्ही बदलून घेतले आहेत.

शाळांमधली पुढची तक्रार अशी: लॅपटॉपवर स्वच्छ दिसते, टीव्हीवर धूसर. आधी विंडोज-पी दाबा आणि ‘डुप्लिकेट’ निवडलेले आहे का पाहा. लॅपटॉपचा पडदा १३६६ × ७६८ चा आणि टीव्ही ३८४० × २१६० चा असेल तर डुप्लिकेटमध्ये विंडोज दोघांना जमेल असे एकच रिझोल्यूशन, म्हणजे आडव्या-उभ्या ठिपक्यांची संख्या, धरते. टीव्ही बिचारा सातपट-आठपट कमी ठिपक्यांतून चित्र उभे करतो. ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ किंवा ‘एक्स्टेंड’ निवडा, मग डिस्प्ले सेटिंगमध्ये टीव्हीचा पडदा निवडून त्याच्यासमोर ‘रेकमेंडेड’ लिहिलेले रिझोल्यूशन लावा. शिक्षकांना लॅपटॉपवरही तेच चित्र हवे असते, हे आम्हाला माहीत आहे. मग दोन्हीकडे १९२० × १०८० चालते का ते पाहा, ४के (३८४० × २१६०) टीव्ही ते नेमके दुप्पट करून बऱ्यापैकी स्वच्छ दाखवतो.

३२ इंची ‘एचडी रेडी’ टीव्हीची गोष्ट वेगळी आहे. त्याचे पॅनल बहुधा १३६६ × ७६८ चे असते, पण तो संगणकाला ‘मी १९२० × १०८० घेतो’ असे सांगतो. घेतो खरा, पण आत आकसून दाखवतो. अशा टीव्हीवर यादीत १३६० × ७६८ किंवा १३६६ × ७६८ असेल तर ते लावा, नसेल तर १२८० × ७२०. आणि यादीत १०८०आय दिसले तर ते कधीच निवडू नका. त्यात एकाआड एक ओळी पाठवल्या जातात, त्यामुळे बारीक आडव्या रेषा थरथरतात. देवनागरीची शिरोरेषा ही आडवी बारीक रेषाच असल्यामुळे मराठी मजकुरावर हा थरथराट इंग्रजीपेक्षा जास्त जाणवतो. नावाच्या शेवटी ‘पी’ असलेले रिझोल्यूशनच घ्यावे.

रिझोल्यूशन बरोबर आहे, कड कापली जात नाही, तरी लाल किंवा निळी अक्षरे मळकट दिसतात आणि त्यांच्या कडेला रंग सांडल्यासारखा वाटतो? हा रंगाच्या कपातीचा प्रकार आहे. केबलमधून जाणारी माहिती कमी करण्यासाठी उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची पाठवतात आणि रंगाची माहिती चार ठिपक्यांत मिळून एकदाच. याला ४:२:० म्हणतात. सिनेमात ते डोळ्यांना कळत नाही, पण निळ्या पाटीवरची लाल अक्षरे त्यात पार बिघडतात. संगणकासाठी ४:४:४ किंवा आरजीबी, म्हणजे प्रत्येक ठिपक्याचा रंग पूर्ण पाठवणारा सिग्नल, हवे. विंडोज ११ मध्ये सेटिंग, सिस्टिम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले असे गेलात की ‘कलर फॉरमॅट’ या ओळीत सध्या काय चालू आहे ते दिसते.

हे बिघडायची तीन कारणे असतात. पहिले, टीव्हीचे एचडीएमआय पोर्ट जुन्या, कमी वेगाच्या पद्धतीवर ठेवलेले असते. एलजीमध्ये ‘एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर’, सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, सोनीमध्ये ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’खाली ‘एन्हान्स्ड’. हे त्या-त्या पोर्टसाठी वेगळे चालू करावे लागते. एका पोर्टवर चालू केले आणि केबल दुसऱ्यात आहे, असेही होते. दुसरे कारण, टीव्हीला समोर संगणक आहे हे ठाऊक नसते. इनपुटच्या यादीत त्या पोर्टचे नाव किंवा चिन्ह बदलून ‘पीसी’ करा. एलजी आणि सॅमसंगच्या पुष्कळ मॉडेलमध्ये एवढ्या एका बदलाने टीव्ही रंगाची कपात थांबवतो आणि अक्षरे एकदम उठून दिसतात. सोनीत ‘ग्राफिक्स’ किंवा ‘गेम’ हा पिक्चर मोड घ्यावा. तिसरे कारण एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवणारी पद्धत. ४के, ६० हर्ट्‌झ (सेकंदाला ६० चित्रे), आरजीबी, प्रत्येक रंगाला ८ बिट हा सिग्नल सेकंदाला १७.८२ गिगाबिट जागा घेतो. एचडीएमआयच्या २.० या आवृत्तीची मर्यादा १८ आहे, म्हणजे तो जेमतेम बसतो. एचडीआरसाठी १० बिट केले की हीच गरज २२ च्या वर जाते आणि ड्रायव्हर मुकाट्याने रंग कापून ४:२:२ किंवा ४:२:० वर येतो. वर्गात किंवा कार्यालयात एचडीआर बंद ठेवावे. विंडोज-ऑल्ट-बी या बटणांनी ते चालू-बंद होते.

टीव्हीचा ‘शार्पनेस’ही इथेच पाहून घ्या. दुकानातून येताना तो चढवलेला असतो आणि प्रत्येक अक्षराभोवती पांढरी किनार काढतो. बहुतेक टीव्हींत शून्य हा मूळचा आकडा, सोनीमध्ये ५०.

काळा रंग राखाडी दिसतो, किंवा उलट गडद भागातला तपशील बुडतो, याचे कारण उजेडाच्या पट्टीचा घोळ. संगणक काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते २५५ असे आकडे वापरतो. टीव्हीच्या प्रसारणात ही पट्टी १६ ते २३५ असते. संगणक १६–२३५ पाठवतोय आणि टीव्ही ०–२५५ समजतोय, तर १६ हा काळा राखाडी दिसतो आणि सगळे चित्र धुतल्यासारखे होते. उलट झाले तर १६ च्या खालचे सगळे काळेकुट्ट. एनव्हिडियाचा ड्रायव्हर एचडीएमआयवर टीव्हीचे रिझोल्यूशन दिसले की बऱ्याचदा आपणहून मर्यादित पट्टी धरतो. कंट्रोल पॅनलमध्ये ‘चेंज रिझोल्यूशन’ या पानावर खाली ‘यूज एनव्हिडिया कलर सेटिंग्ज’ निवडा, ‘आउटपुट कलर फॉरमॅट’ आरजीबी आणि ‘आउटपुट डायनॅमिक रेंज’ फुल करा. एएमडीमध्ये ‘पिक्सल फॉरमॅट’ फुल आरजीबी, इंटेलमध्ये ‘क्वांटायझेशन रेंज’ फुल. मग टीव्हीची बाजू जुळवा: एलजीत ‘ब्लॅक लेव्हल’ हाय, सॅमसंगमध्ये ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’ नॉर्मल, सोनीत ‘एचडीएमआय व्हिडिओ रेंज’ फुल. दोन्ही टोकांना एकच पट्टी, हा नियम. कॉन्ट्रास्ट आणि ब्राइटनेस वरखाली करून हा दोष फक्त झाकला जातो, मिटत नाही.

माऊस अडखळतो, खिडकी ओढली की ती तुकड्या-तुकड्याने सरकते, तेव्हा संगणक ३० हर्ट्‌झवर चालला आहे असे समजा. इथे कोणताही ड्रायव्हर उपयोगी पडणार नाही, कारण मर्यादा यंत्राची आहे. एचडीएमआय १.४ ची क्षमता १०.२ गिगाबिट, त्यात ४के फक्त ३० हर्ट्‌झला बसते. इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतच्या बहुतेक प्रोसेसरांतल्या ग्राफिक्सची स्वतःची एचडीएमआय १.४ चीच आहे. बोर्ड बनवणाऱ्याने जोडीला वेगळी चिप बसवली असेल तरच २.० मिळते. अकराव्या पिढीपासून २.० आतच आले. शाळांना आणि कार्यालयांना मिळालेले पुष्कळ संगणक या जुन्या गटातले आहेत. त्यांच्यासाठी दोन वाटा. १९२० × १०८० ला ६० हर्ट्‌झ लावा, कामाला ते ४के ३० पेक्षा कितीतरी सुखाचे आहे. किंवा संगणकाला डिस्प्लेपोर्ट (एचडीएमआयसारखेच चित्राचे दुसरे पोर्ट) असेल तर त्यातून एचडीएमआय २.० देणारा ‘अॅक्टिव्ह’ कन्व्हर्टर घ्या. साधा, ‘पॅसिव्ह’ कन्व्हर्टर घेऊ नका. तो पोर्टचाच एचडीएमआय सिग्नल पुढे देतो, त्यामुळे मर्यादा तीच राहते.

स्वस्त ग्राफिक्स कार्ड विकत घेऊन हा प्रश्न सोडवू पाहणाऱ्यांना कळकळीने सांगतो: एनव्हिडियाचे जीटी ७१० आजही बाजारात नवे म्हणून मिळते, पण ते केपलर या जुन्या पिढीचे आहे, त्याची एचडीएमआय १.४ ची आहे आणि ड्रायव्हरची ४७० ही शाखा त्याच्यासाठी शेवटची ठरली. जीटी ७३० या नावाखाली तर दोन वेगवेगळ्या पिढ्यांची कार्डे विकली गेली. त्यातल्या फर्मी पिढीच्या कार्डांचा ड्रायव्हर ३९० च्या शाखेवरच थांबला. खोक्यावरचे नाव एक, आतली चिप दुसरी. ४के टीव्हीसाठी किमान जीटी १०३० तरी हवे, त्याला एचडीएमआय २.० आहे.

वेगळे कार्ड बसवल्यावर एक साधी गोष्ट विसरली जाते. केबल मदरबोर्डच्या पोर्टातच राहते. पुष्कळ बोर्डांवर कार्ड बसले की आतले ग्राफिक्स बंद होते, आणि इंटेलच्या नावात शेवटी ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरांत ते मुळातच नसते. ‘नो सिग्नल’ची निम्मी भानगड इथे मिटते.

मधेच दोन-तीन सेकंद पडदा काळा होतो आणि परत येतो, किंवा चित्रावर पांढरे ठिणगीसारखे ठिपके चमकतात, तेव्हा केबलवर संशय घ्या. १०८० ला ठीक आणि ४के ६० ला काळे, ही तर केबल कमी पडत असल्याची पक्की खूण. साध्या तांब्याच्या केबलवर ४के ६० साधारण पाच मीटरपर्यंत भरवशाने जाते. त्यापुढे भिंतीतून १०–१५ मीटर न्यायचे असेल तर ऑप्टिकल एचडीएमआय केबल घ्या. तिला दिशा असते: ‘सोर्स’ लिहिलेले टोक संगणकात, ‘डिस्प्ले’चे टीव्हीत. पाइपातून उलटी ओढली की पुन्हा पूर्ण उपसावी लागते, म्हणून ओढण्याआधी जमिनीवरच जोडून चित्र पाहून घ्यावे. खोक्यावर ‘२.० केबल’, ‘२.१ केबल’ लिहिलेले असण्याला अर्थ नाही. ‘प्रीमियम हाय स्पीड’ म्हणजे १८ गिगाबिट आणि ‘अल्ट्रा हाय स्पीड’ म्हणजे ४८. ही प्रमाणपत्राची नावे आहेत आणि त्यांच्यासोबत स्कॅन करता येणारे लेबल असते, ते पाहा.

संगणक सुरू केला आणि टीव्ही नंतर लावला की रिझोल्यूशन १०२४ × ७६८ वर अडकते किंवा चित्रच येत नाही, असे का होते? टीव्ही आपली माहिती, म्हणजे कोणती रिझोल्यूशन आणि कोणते रंग तो घेतो, एका छोट्या तक्त्यात ठेवतो. त्याला ईडीआयडी म्हणतात. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी १५ आणि १६ वरून संगणक तो वाचतो. १९ व्या पिनवरून टीव्ही ‘मी जोडलेला आहे’ एवढे कळवतो. आपल्याकडे टीव्ही रिमोटने बंद न करता बोर्डावरच्या बटणाने बंद करायची पद्धत आहे. मग पुष्कळ टीव्ही हा निरोप देतच नाहीत आणि संगणक अंदाजाने काहीतरी धरून बसतो. टीव्ही आधी लावा, त्याचा पडदा उजळू द्या, मग संगणक सुरू करा. तरीही रोज अडत असेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शनमधले ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असताना शटडाउन पूर्ण होत नाही, ड्रायव्हर कालचीच अवस्था उचलून उठतो. एकाच संगणकावरून स्प्लिटरने दोन टीव्ही चालवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की साधा स्प्लिटर बहुधा पहिल्या पोर्टवरच्या टीव्हीचा तक्ता पुढे देतो. तिथे एचडी रेडी टीव्ही असेल तर दुसरीकडच्या ४के टीव्हीलाही तेच चित्र मिळणार.

अर्थिंगबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण यात पोर्ट कायमचे जाते. तीन पिनी सॉकेट असते, पण त्याच्या मागे अर्थची तार जोडलेली नसते, अशी कितीतरी सभागृहे आणि वर्ग आहेत. अशा ठिकाणी संगणकाच्या एसएमपीएसमधल्या (वीज पुरवणाऱ्या डब्यातल्या) फिल्टरमुळे कॅबिनेटवर मेन्सच्या निम्मा, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगता दाब येतो. प्रवाह अगदी थोडा, हाताला झिणझिण्या येतात एवढाच, पण चालू टीव्हीत चालू संगणकाची केबल खुपसताना तोच एचडीएमआयच्या चिपमधून वाट काढतो. टीव्हीला सेट-टॉप बॉक्समधून केबलवाल्याची तार आलेली असेल तर धोका आणखी वाढतो, कारण ती तार दुसऱ्याच इमारतीची अर्थ घेऊन येते. म्हणून दोन्ही यंत्रांच्या पिना बोर्डातून काढा, आधी एचडीएमआय जोडा, मग वीज द्या. मल्टिमीटरवर फेज आणि अर्थ यांच्यात २३० च्या आसपास दिसायला हवे. अर्थ आणि न्यूट्रलमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर वायरमनला बोलवा, संगणकवाल्याला नको.

एवढे सगळे पाहून झाले आणि तरी बिघाड आहे, तेव्हा ड्रायव्हरकडे वळावे. त्याच्या खुणा ओळखता येतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अॅडाप्टरखाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडाप्टर’ लिहिलेले असेल तर कार्डाचा ड्रायव्हर बसलेलाच नाही. रिझोल्यूशनचे पर्याय करडे दिसतात, ते त्यामुळेच. नावापुढे पिवळा त्रिकोण आणि कोड ४३ असेल तर विंडोजने ते कार्ड थांबवले आहे. ड्रायव्हर नीट टाकूनही तो परत आला तर कार्डच खराब समजावे. पडदा क्षणभर गोठून काळा होतो आणि परत येतो, तेव्हा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या नोंदींत ४१०१ हा क्रमांक शोधा. कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिले नाही की विंडोज ड्रायव्हर पुन्हा उभा करते, त्याची ती नोंद असते. ४१०१ सापडली तर केबल निर्दोष. मग आधी कार्डाचा पंखा आणि धूळ पाहा. टीव्हीखालच्या बंद कपाटात ठेवलेला संगणक उन्हाळ्यात याच कारणाने पडतो. नुसता पडदा अडकला असेल तर विंडोज-कंट्रोल-शिफ्ट-बी दाबा. बीप येते, पडदा मिचकावतो आणि ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. उघडलेले काम जात नाही.

कालपर्यंत चालत होते आणि अपडेटनंतर बिघडले, असे असेल तर नवीन काही टाकायच्या आधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमधले ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबा. बटण करडे असेल तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही. मग स्वच्छ पद्धतीने टाकायचा. त्याचा क्रम असा ठेवावा. कार्डाच्या किंवा लॅपटॉपच्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून ड्रायव्हर आधी उतरवून घ्या. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय, चालू आहे का पाहा. असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, कारण सेफ मोडमध्ये (विंडोज अगदी मोजक्या ड्रायव्हरांवर सुरू होते ती अवस्था) जाताना ती मागितली जाऊ शकते आणि ती नसेल तर सगळा डेटा अडकतो. ही पायरी कोणी सांगत नाही, आणि सर्वांत महागात तीच पडते. मग इंटरनेटची तार काढा, वायफाय बंद करा. नाहीतर विंडोज अपडेट मधल्या मधे स्वतःचाच ड्रायव्हर घुसवते. शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा, ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि मग ४ दाबून सेफ मोड. तिथे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू, चालवून ‘क्लीन अँड रीस्टार्ट’ करा. परत आल्यावर उतरवलेला ड्रायव्हर टाका, पुन्हा एकदा रीस्टार्ट, मगच इंटरनेट जोडा. ड्रायव्हर नवा बसला की टीव्हीसाठी केलेली आरजीबी आणि फुल रेंज ही सेटिंग पुसली जाते, ती पुन्हा लावावी लागते. हे ठाऊक नसलेले लोक नव्या ड्रायव्हरलाही दोष देऊन मोकळे होतात.

‘तुमचे १७ ड्रायव्हर जुने आहेत’ असे सांगणारी फुकट ‘ड्रायव्हर अपडेटर’ सॉफ्टवेअर कृपया टाकू नका. त्यांनी लॅपटॉपच्या खास ड्रायव्हरवर भलताच ड्रायव्हर बसवला की एचडीएमआयचा आवाजही जातो. आवाज गेलाच असेल तर आधी खाली उजवीकडे स्पीकरच्या चिन्हावरून आउटपुट म्हणून टीव्हीचे नाव निवडा, बऱ्याचदा एवढ्यानेच येतो.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकल्यावर पडदा काळा राहिला तर सिक्युअर बूट (मंजुरी नसलेला ड्रायव्हर चढू न देणारी सोय) तपासा. त्याची किल्ली रीस्टार्टच्या वेळी निळ्या पडद्यावर मंजूर करावी लागते आणि घाईत ती सुटते. आणि एएमडीच्या खुल्या ड्रायव्हरवर ४के १२० हर्ट्‌झ पूर्ण रंगात मिळाले नाही तर कार्डाला दोष देऊ नका. त्या ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय २.१ आणण्याचा एएमडीचा प्रस्ताव २०२४ मध्ये एचडीएमआयचे मानक ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमनेच नाकारला होता.

आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून खरेदी समित्यांना एक विनंती करायची आहे. निविदेत ‘५५ इंची ४के टीव्ही व संगणक’ एवढेच लिहिले जाते आणि पुरवठादार तेवढेच देतो. त्याऐवजी असे लिहावे: टीव्हीने ३८४० × २१६०, ६० हर्ट्‌झ, ४:४:४ सिग्नल किमान एका एचडीएमआय पोर्टवर घ्यावा, संगणकाला एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट असावा. केबल प्रमाणित ‘प्रीमियम हाय स्पीड’ असावी, पाच मीटरच्या पुढे ऑप्टिकल. सॉकेटची अर्थिंग मोजून दाखवावी. आणि बिल देण्याआधी निळ्या पाटीवर १२ पॉइंटात लाल मराठी मजकूर पडद्यावर लावून, त्यातला प्रत्येक अनुस्वार आणि रफार स्पष्ट दिसतो की नाही, चारही कोपरे दिसतात की नाही, हे पुरवठादारासमोर उभे राहून तपासावे. दुरुस्तीच्या वेळी ‘पॅनल गेले’ असा शेरा कोणी दिला तर त्याच्याकडून रिमोटचा मेन्यू दाबून घ्यावा आणि बिघाड त्या मेन्यूवर दाखवायला सांगावा. तो दाखवता आला नाही तर टीव्ही भिंतीवरून उतरवू देऊ नये.

आपला,
संगणक दुरुस्ती व्यवसायातील एक वाचक, सातारा